शुभवर्तमान गाणारा आवाज कोठून येतो?

दिनांक १० एप्रिल २०२०, शुभ शुक्रवार. आपल्या देशात टाळेबंदी लागू होऊन दोन आठवडे उलटले होते. चर्चची दारे बंद होती आणि क्रुसाची उपासना आपण घरातल्या घरात, मोबाईलच्या छोट्या पडद्यासमोर गुडघे टेकून केली होती. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा वाजता, जर्मनीतील लाइपझिग शहराच्या संत थॉमस चर्चमध्ये एक तरुण गायक उभा राहिला. चर्च रिकामे होते. ज्या संगीतकाराची रचना तो गाणार होता, त्या योहान सेबास्टियन बाख यांची समाधी याच चर्चमध्ये आहे.

गायकाचे नाव बेनेडिक्ट क्रिस्ट्यानसन. तो मूळचा आइसलँडचा, आवाज टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीतील आवाज. संत योहानाच्या शुभवर्तमानावर आधारित बाख यांची ‘योहान पॅशन’ ही रचना एरवी मोठा गायकवृंद, वाद्यमेळ आणि अनेक एकल गायक मिळून सादर करतात. त्या दिवशी मात्र एक टेनर, हार्पसिकॉर्ड व ऑर्गन वाजविणारी एक वादक आणि तालवाद्ये वाजविणारा एक वादक, एवढ्यांनीच तिचा भार उचलला. निवेदक तोच, ख्रिस्त तोच, पिलात तोच. मधूनमधून येणाऱ्या स्तोत्रांसाठी मोजके गायक अंतर राखून उभे होते. ती स्तोत्रे घरोघरच्या प्रेक्षकांनीही सोबत गावीत, असे आवाहन करण्यात आले होते. जगभरातील पुष्कळांनी इंटरनेटवरून हे गायन ऐकले.

गायनाचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांला त्यामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सगळे काही काढून घेतल्यावर शेवटी प्रभूच्या दुःखसहनाची कथा गाणारा एक आवाज उरला. तो आवाज कोठून आला? तो कोणी घडविला? आणि उद्या तो आपल्याला मिळणार आहे काय?

निवेदकाचे आसन

झावळ्यांच्या रविवारी व शुभ शुक्रवारी आपल्या धर्मग्रामांत दुःखसहनाचा वृत्तांत तीन वाचक वाचतात. एक निवेदक, एक ख्रिस्ताचे शब्द उच्चारणारा आणि एक बाकीच्या व्यक्तींचे. ही पद्धत मध्ययुगापासून चालत आली आहे. पूर्वी तीन डीकन हा वृत्तांत लॅटिनमध्ये गात असत. ख्रिस्ताचे शब्द खालच्या स्वरात, निवेदन मधल्या स्वरात आणि इतरांचे संवाद वरच्या स्वरात, अशी त्यांची वाटणी असे. सोळाव्या शतकात तोमास लुईस दे व्हिक्टोरिया या स्पॅनिश धर्मगुरू-संगीतकाराने जमावाचे उद्गार अनेक आवाजांत बांधले आणि १५८५ मध्ये रोम येथे ते प्रसिद्ध केले. बाकीचे निवेदन जुन्या चालीवरच राहिले.

धर्मसुधारणेनंतर ल्युथरन ख्रिस्तसभेने ही परंपरा टाकून दिली नाही. तिने ती आपल्या लोकांच्या भाषेत नेली. हाइनरिख श्यूत्स यांनी १६६६ मध्ये ड्रेस्डेन येथे मत्तयाच्या शुभवर्तमानावरील पॅशन रचली, तेव्हा निवेदक कोणत्याही वाद्याच्या साथीविना गात होता. १७२३ मध्ये लाइपझिग येथे संगीतप्रमुख म्हणून आलेल्या बाख यांनी पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १७२४ रोजी, शुभ शुक्रवारच्या सायंप्रार्थनेत आपली योहान पॅशन संत निकोलस चर्चमध्ये सादर केली. मत्तय पॅशन १७२७ मध्ये आली. दोन्हींत निवेदकाचे काम टेनरकडे आहे. त्या भूमिकेला ‘शुभवर्तमानकार’ असेच म्हणतात.

हे काम वरवर सोपे वाटते, परंतु ते फार कठीण आहे. निवेदकाला लक्षात राहील अशी धून फारशी मिळत नाही. तो बोलता बोलता गातो आणि गाता गाता बोलतो. साथीला ऑर्गनचे काही स्वर आणि चेलोची एक रेष. ताल बांधलेला नसतो; वाक्याचा अर्थच ताल ठरवितो. स्वरांची पट्टी मात्र बरीच उंच, आणि तीही सुमारे तीन तास टिकवायची. मत्तय पॅशनमध्ये ख्रिस्त बोलतो तेव्हा तंतुवाद्ये त्याच्या शब्दांभोवती तेजोवलयासारखी वाजत राहतात. क्रुसावरील त्यागलेपणाच्या आक्रोशाच्या वेळी तेवढी थांबतात. निवेदकाला असे वलय कधीच मिळत नाही. पेत्र बाहेर जाऊन रडला, हे सांगताना तेवढा त्याचा स्वर लांबत, वळत, तुटत जातो. तेवढ्यापुरता निवेदक साक्षीदार न राहता आपल्यासारखा अपराधी माणूस होतो आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा आपल्या जागी परततो.

ड्रेस्डेनचा मुलगा

या आसनावर बसलेल्या विसाव्या शतकातील गायकांत पीटर श्रायर यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म २९ जुलै १९३५ रोजी मायसन येथे झाला. वडील शिक्षक होते आणि गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, गायन शिकवीत. अशी अनेक शिक्षक-ऑर्गनवादक घराणी आपल्याही धर्मग्रामांनी पाहिली आहेत.

जवळच्या ड्रेस्डेन शहरात क्रॉइत्सकोर, म्हणजे होली क्रॉस चर्चचा मुलांचा गायकवृंद, आठशे वर्षांपासून गात आला आहे. १३ व १४ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत शहर भस्मसात झाले, चर्च जळाले आणि वृंदातील अकरा मुले मरण पावली. गायकवृंदाचे प्रमुख रुडोल्फ माउअर्सबर्गर यांनी उरलेल्या मुलांना एकत्र केले. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी होली क्रॉस चर्चच्या भग्न भिंतींमध्ये पुन्हा सायंप्रार्थना झाली आणि तीत त्यांनी यिर्मयाच्या विलापगीतांतील शब्दांवर बांधलेली नवी रचना गायली गेली. छप्पर नव्हते, पुरेसे अन्न नव्हते; तरी मुलांचे गायन-शिक्षण थांबविण्याचा विचार त्या माणसाच्या मनात आला नाही.

दहा वर्षांचा पीटर त्याच वर्षी या वृंदात दाखल झाला. त्याच्या आल्टो आवाजाचे मोल माउअर्सबर्गर यांनी ओळखले आणि त्याच्यासाठी खास रचना केल्या. सोळाव्या वर्षी आवाज फुटला. आपण टेनरच व्हावे, अशी त्या मुलाची उत्कट इच्छा होती, कारण बाख यांच्या पॅशनमधील शुभवर्तमानकार टेनर असतो. ऑपेराचा नायक होण्याच्या आकांक्षेतून ती इच्छा आलेली नव्हती. ती पूर्ण झाली. पुढे ड्रेस्डेनच्या संगीत महाविद्यालयात गायन व संगीत-संचालनाचे शिक्षण, १९५९ मध्ये बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ ऑपेरात एका कैद्याची छोटी भूमिका, १९६३ पासून बर्लिनचे स्टेट ऑपेरा, १९६६ मध्ये बायरॉइट, १९६७ मध्ये साल्झबर्ग, असा त्यांचा प्रवास झाला. मोत्सार्टच्या भूमिकांनी त्यांना जगभर नाव मिळवून दिले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवावयास हवी. श्रायर पूर्व जर्मनीचे नागरिक होते. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सामान्य माणसाचे बाहेर जाणे जवळजवळ थांबले. श्रायर यांना मात्र परदेशांत गाण्याची मुभा होती आणि राज्यकर्त्यांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही दिला. ज्या राजवटीत धर्मश्रद्धेला शाळेत व नोकरीत किंमत मोजावी लागे, तीच राजवट शुभवर्तमान गाणाऱ्या गायकाला आपले भूषण म्हणून मिरवीत होती. ही विसंगती नाकारता येत नाही. दुसरी बाजूही आहे. त्या चार दशकांत दर प्रायश्चित्तकाळात आणि दर नाताळला बाख यांच्या रचना तेथे गायल्या जात राहिल्या. चर्चमध्ये कधी पाऊल न ठेवणाऱ्या अनेकांच्या कानांवर शुभवर्तमानाचे शब्द पडले, ते याच मार्गाने. सवलत गायकाला मिळाली होती. शब्द मात्र कोणाच्या परवान्यावर अवलंबून राहिला नाही.

व्हिएन्नाचा सहगायक

दुसरे नाव कुर्ट एक्विलुझ यांचे. जन्म १३ जून १९२९, व्हिएन्ना. तेही लहानपणी मुलांच्या वृंदात, व्हिएन्ना बॉइज क्वायरमध्ये, आल्टो गात. मोठेपणी ते व्हिएन्ना स्टेट ऑपेरात आधी वृंदात आणि १९५७ ते १९८३ या काळात एकल गायक म्हणून होते. तेथे त्यांच्या वाट्याला बहुधा नोकर, विनोदी पात्रे अशा दुय्यम भूमिका येत. ऑपेराच्या हिशेबाने पाहिले तर ही एका गुणी सहगायकाची कारकीर्द.

परंतु त्याच शहरात निकोलाउस हार्नोनकोर्ट हे चेलोवादक जुन्या संगीताचा वेगळा शोध घेत होते. बाखकालीन रचना बाखकालीन वाद्यांवर, त्या काळच्या खालच्या स्वरपट्टीत आणि लहान वृंदासह गाव्यात, शब्द स्पष्ट ऐकू यावेत, हा त्यांचा आग्रह होता. १९६५ मध्ये त्यांनी योहान पॅशनचे आणि १९७० मध्ये मत्तय पॅशनचे ध्वनिमुद्रण केले. दोन्हींत शुभवर्तमानकार एक्विलुझ. पुढे १९७१ पासून जवळपास दोन दशके हार्नोनकोर्ट व गुस्ताव लेओनहार्ट यांनी बाख यांचे सर्व धार्मिक कँटाटा ध्वनिमुद्रित केले, त्यांतील टेनर गायनाचा मोठा भाग एक्विलुझ यांनी पेलला. ऑपेराच्या रंगमंचावर जो नोकराची भूमिका करी, त्याच्याच मुखातून एका पिढीने शुभवर्तमान ऐकले. २० जून २०२२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९७० या एकाच वर्षी मत्तय पॅशनची दोन ध्वनिमुद्रणे झाली. ड्रेस्डेनला रुडोल्फ व एर्हार्ड या माउअर्सबर्गर बंधूंनी आपापले मुलांचे वृंद एकत्र आणले, त्यांत निवेदक श्रायर; व्हिएन्नाच्या मुद्रणात एक्विलुझ. एकीकडे आधुनिक वाद्ये आणि अखंड चालत आलेली परंपरा. दुसरीकडे जुनी वाद्ये आणि नव्याने केलेला शोध. खरी पद्धत कोणती, याविषयी पुढे जाणकारांत बराच वाद झाला. आम्हांला त्या वादापेक्षा दोघांमधील साम्य अधिक बोलके वाटते. दोघांनीही शुभवर्तमानाचा शब्द दहा-बारा वर्षांचे असताना, मुलांच्या वृंदात, रोजच्या सरावातून उचलला होता. तो त्यांना प्रौढपणी पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आजची स्थिती

आज अशा गायकाची कारकीर्द कशी घडते? इंग्लंडमधील मार्ग ठरलेला आहे. बालपणी महामंदिराच्या वृंदात, मग विद्यापीठातील चॅपलमध्ये शिष्यवृत्तीवर गायन, पुढे छोट्या व्यावसायिक वृंदात, आणि नंतर एकल शुभवर्तमानकार. जेम्स गिलख्रिस्ट यांचे उदाहरण घ्या. ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये बालगायक आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये गायक-विद्यार्थी होते. शिक्षणाने ते डॉक्टर. १९९६ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ गायन पत्करले.

हा निर्णय किती धाडसाचा असतो, हे पॅशनचा हंगाम पाहिला म्हणजे कळते. शुभवर्तमानकाराला कायम नोकरी नसते. त्याची बरीचशी कमाई प्रायश्चित्तकाळाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि नाताळपूर्वी होते. एका पवित्र आठवड्यात तो तीन-चार शहरांत तीच कथा गातो. बाकीच्या महिन्यांत छोटे कार्यक्रम, ध्वनिमुद्रण व शिकवण्या. मार्च २०२० मध्ये महामारी आली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर, आणि काही दिवसांत वर्षाची बेगमी नाहीशी झाली. क्रिस्ट्यानसन यांचे ते गायन याच उद्ध्वस्त आठवड्यातले. ब्रिटिश गायकांवर जानेवारी २०२१ पासून आणखी एक अडचण आली. युरोपीय संघातून देश बाहेर पडल्यामुळे, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक काळ त्यांना शेंगेन देशांत परवान्याविना राहता येत नाही, आणि कामाच्या परवान्याचे नियम देशोदेशी निराळे आहेत. ज्याची उपजीविका लाइपझिग, ॲमस्टरडॅम व पॅरिस यांच्यामध्ये फिरण्यावर अवलंबून आहे, त्याला हा अडथळा लहान नव्हे.

याहून मोठी चिंता मुळाशी आहे. इंग्लंडमधील शेफील्ड महामंदिराने २०२० मध्ये आपला चालू गायकवृंद विसर्जित केला आणि नव्याने उभारणी करण्याचे ठरविले. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने १९२४ पासून चालत आलेला आपला व्यावसायिक वृंद, बीबीसी सिंगर्स, बंद करण्याची घोषणा केली. तीव्र विरोधानंतर तो निर्णय मागे घ्यावा लागला. चांगली बातमीही आहे. मुलींना आजवर बंद असलेली दारे उघडत आहेत. लंडनच्या सेंट पॉल्स महामंदिरानेही आपल्या वृंदात मुलींना प्रवेश दिला. म्हणजे गाण्याची ओढ आटलेली नाही. मात्र मुलांना रोज गायला लावणारी व्यवस्था खर्चिक असते, तिचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते, आणि काटकसरीची कात्री सर्वांत आधी तिच्यावरच चालते.

श्रायर आणि एक्विलुझ यांच्या कारकिर्दीचा अर्थ आम्ही असा लावतो. शुभवर्तमान गाणारा आवाज हा एका व्यक्तीचा पराक्रम नसतो. तो एका समुदायाच्या धीराचे फळ असतो. जळालेल्या चर्चमध्येही सराव थांबू न देणारा एक शिक्षक असतो, म्हणून पंचवीस वर्षांनी जगाला एक शुभवर्तमानकार मिळतो.

आपल्यासाठी काय?

आपल्या धर्मग्रामांनी बाख गावा, असे आम्ही सुचवीत नाही. आपल्याकडे शुभवर्तमान गाऊन सांगण्याची स्वतःची परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, म्हणजे श्यूत्स यांच्या मत्तय पॅशनच्या पन्नास वर्षे आधी. त्यातील ओवी मनातल्या मनात वाचण्यासाठी नव्हती, ती मोठ्याने म्हणण्यासाठी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात गायकवृंदांची काळजीपूर्वक जोपासना करावी असे सांगितले आणि त्या त्या लोकांच्या सांगीतिक परंपरेला योग्य स्थान द्यावे असेही सांगितले. ग्रेगोरियन गायन आणि ओवी यांना एकाच उपासनेत जागा मिळू शकते, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात काय दिसते? पुष्कळ ठिकाणी दुःखसहनाचा वृत्तांत वाचणारे तिघे आदल्या दिवशी ठरतात. सणासुदीला भाड्याचा वाद्यवृंद येतो आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजात सभेचे गाणे बुडून जाते. मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात, परंतु आठवड्यातून एक तास स्वर लावायला त्यांना कोणी बोलावीत नाही. जुने शिक्षक-ऑर्गनवादक थकले. त्यांची पेटी चर्चच्या कोपऱ्यात धूळ खात पडली आहे. ही उणीव कोणा एका माणसाची नाही. आपण सर्वांनी मिळून ती होऊ दिली आहे.

उपाय मोठे नाहीत. प्रायश्चित्तकाळ सुरू होतानाच तीन वाचक निवडावेत आणि सहा आठवडे त्यांच्याकडून वृंदाच्या शिक्षकासमोर मोठ्याने वाचन करून घ्यावे. निवेदकाचे काम सर्वांत भारदस्त आवाजाच्या माणसाकडे न देता ज्याचे शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचतात त्याच्याकडे द्यावे. मग ती एखादी तरुणी असली तरी हरकत नाही. दहा मुले जमली तरी वृंद सुरू करावा. आणि ज्या कुटुंबात ओव्या म्हणणारी आजी अजून आहे, तेथे नातवंडांना तिच्याजवळ बसवावे.

पीटर श्रायर यांनी डिसेंबर २००५ मध्ये प्राग शहरात बाख यांच्या नाताळ ओरॅटोरिओत शुभवर्तमानकाराची भूमिका गाऊन, आणि त्याच वेळी वृंदाचे संचालन करून, आपल्या गायनाला पूर्णविराम दिला. चौदा वर्षांनी, २५ डिसेंबर २०१९ रोजी, नाताळच्याच दिवशी ड्रेस्डेन येथे ते देवाघरी गेले. पुढच्या शुभ शुक्रवारी जगभरातील चर्चची दारे बंद होती आणि लाइपझिगला एक दुसरा टेनर रिकाम्या बाकांसमोर तीच कथा गात होता. पुढचा गायक कोणत्या गावातून येईल, हे त्या गावातील एखाद्या धर्मग्रामाने आज लहान मुलांना गायला बसविले आहे की नाही, यावर ठरेल.